उशीर झाला तरी चालेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आईची मुलगी सातवीत शिकते. शाळा घरापासून दोन किलोमीटरवर, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी रोज चालत येतात. मागच्या आठवड्यात शाळा सुटून दहा मिनिटं झाली आणि आभाळ फाटलं. विजा कडाडत होत्या. तिघी आधी एका मोठ्या झाडाखाली थांबल्या. मग अंधारून यायला लागलं म्हणून निघाल्या, आणि वाटेतल्या ओढ्याचं पाणी फरशी पुलावरून वाहत असताना एकमेकींचे हात धरून पलीकडे आल्या. घरी पोहोचायला दीड तास उशीर झाला. आई घाबरलेली होती, त्यामुळे ओरडली. आता त्या विचारतात की मुलींनी नेमकं काय करायला हवं होतं, छत्री द्यावी की रेनकोट, फोन द्यावा का, आणि घाण पाण्यातून आली म्हणून डॉक्टरांकडे न्यावं का.

ताई, मुलगी सुखरूप घरी आली, हे सगळ्यात मोठं. मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. त्यातली बरीच वर्षं शाळा सुटताना फाटकावर उभं राहून मुलं घरी पाठवायचं काम माझ्याकडे आहे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय आणि मुलांनाही शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा मजकूर वाचताना माझं लक्ष दोन जागी अडकलं, झाडापाशी आणि फरशीपाशी. तिघी नखशिखांत भिजल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. या दोन जागी मात्र जीवावर बेतू शकलं असतं. झाडाखाली त्या थांबल्या ते माहीत नव्हतं म्हणून. ओढा ओलांडला तो मात्र घरी पोहोचायच्या घाईने. इतक्या वर्षांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय, पावसाने मुलं जेवढी अडचणीत येत नाहीत तेवढी या घाईने येतात. आणि ही घाई त्यांच्या मनात आपणच घातलेली असते.

काही वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी अशीच मोठ्या पावसात, गुडघ्याच्या वर पाणी असताना घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वर्गात एकटीच बसून वहीची चिकटलेली पानं एकेक करून सोडवत होती. मी विचारलं, "अगं, वाटेत एवढी ओळखीची घरं आहेत, थांबली का नाहीस कुठे?" तिने वर पाहिलंच नाही. पान फाटू नये म्हणून नखाने हळूच उचलत म्हणाली, "बाई, मागच्या वेळी थांबले होते. उशीर झाला म्हणून मार बसला."

त्या दिवसापासून पालकसभेत मी हेच पहिलं सांगते. मूल पावसात कुठे तरी थांबून उशिरा घरी आलं तर त्याला जवळ घ्या, "थांबलास ते बरं केलंस" म्हणा, आणि एवढंच म्हणा. कुठे होतास, किती वाजले, फोन का नाही केलास, हे सगळं जेवणानंतर. कारण दाराशी तुमच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघतं, त्यावरून मूल पुढच्या पावसात थांबायचं की निघायचं ते ठरवतं. तुम्ही ओरडलात याचं फार वाईट वाटून घेऊ नका, भीतीने कोणाचाही आवाज चढतो. पण तिला एकदा बसवून सांगा की मी पाण्यातून आल्याबद्दल घाबरले होते, उशिराबद्दल नाही. तिच्या डोक्यात आत्ता या दोन्ही गोष्टी एक झालेल्या असतील.

घाईतली माझी स्वतःची चूकही सांगते. एका दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं, गार वारा सुटला, आणि मुलं पावसाआधी घरी पोहोचावीत म्हणून आम्ही शाळा अर्धा तास आधी सोडली. निर्णय माझाच होता. पंधरा मिनिटांत असा पाऊस कोसळला की फाटकावरून समोरचा रस्ता दिसेना, आणि आमची सगळी मुलं त्या वेळी रस्त्यावर होती. एका मुलाची चप्पल वाहून गेली, तो ती धरायला गटारापर्यंत गेला आणि मागून येणाऱ्या एका माणसाने त्याला दंडाला धरून ओढलं. संध्याकाळी तो माणूसच त्याला घरी सोडून आला. मुलाच्या हातात दुसरी चप्पल घट्ट धरलेली होती.

नंतर कळलं की दुपारच्या उकाड्यात अचानक येणारा तो गार वारा म्हणजे ढगातून खाली कोसळलेली थंड हवा असते. ती पावसाच्या पुढे धावते. ती अंगाला लागली म्हणजे पाऊस काही मिनिटांवर आहे, निघायची वेळ टळून गेली आहे. शाळा लवकर सोडायची असेल तर काही तास आधी इशारा मिळाला तरच सोडावी. ढग डोक्यावर आल्यावर मुलांना वर्गातच ठेवावं, हजेरी घ्यावी, पालकांना निरोप द्यावा. तुमच्या शाळेत अशा दिवशी काय करतात ते मुख्याध्यापकांना जरूर विचारा. विचारणारे पालक असले की शाळेतही त्याचा विचार होतो.

मुलांना थांबा म्हणायचं तर किती वेळ, हेही सांगावं लागतं. गडगडाटी पावसाचा एक सुटा ढग तयार होतो, बरसतो आणि विरतो, ते साधारण अर्ध्या ते एका तासात. ढगांची रांगच लागली असेल तर जास्त वेळ जातो, पण तरीही मधला जोराचा भाग सहसा तेवढाच असतो. तुमच्या मुलींनी एखाद्या घरात पाऊण तास काढला असता तर पाऊस बहुतेक उतरला असता. ओढा मात्र तेव्हाही भरलेलाच असता. त्याकडे येतेच.

आधी विजेचं. याचा हिशेब सातवीतल्या मुलीला सहज जमतो. वीज दिसते ती लगेच, आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने चालत येतो. म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. चमकल्यावर मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं, आलेल्या आकड्याला तीनने भागायचं. मोजलेले सेकंद तीसच्या आत असतील तर वीज दहा किलोमीटरच्या आत पडते आहे, आणि पुढची तुम्ही उभे आहात तिथे पडू शकते. लहान मुलांना मी मोजायलाही लावत नाही. त्यांना एकच सांगते, गडगडाट ऐकू आला की उघड्यावर राहायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास आत बसायचं, आणि मध्येच पुन्हा ऐकू आला तर तो अर्धा तास पहिल्यापासून मोजायचा.

झाडाखाली का नाही, हे मुलांना नीट समजावून द्यावं लागतं, कारण पावसात झाडच सगळ्यात आपलं वाटतं. झाड उंच म्हणून वीज त्याच्यावर पडते. तिथून ती खोडाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडी घेते, कारण लाकडापेक्षा आपल्या शरीरातून तिला वाट सोपी मिळते. शिवाय बुंध्याभोवतीच्या जमिनीतूनही प्रवाह पसरतो आणि एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरतो. विजेने जखमी होणाऱ्यांत अंगावर थेट वीज पडलेले थोडेच असतात, जास्त जण असे शेजारून किंवा जमिनीतून आलेल्या प्रवाहाने सापडतात. वादळात फांद्या मोडतात ते वेगळंच.

पत्र्याची शेड, चारी बाजूंनी उघडा बसथांबा, मैदानातला मंडप यांनी डोकं कोरडं राहतं, पण विजेपासून बचाव होत नाही. चार भिंतींचं पक्कं घर, दुकान, शाळा, दवाखाना, अशा ठिकाणी आत जायचं. अशा इमारतीवर वीज पडली तर ती भिंतीतल्या वायरींतून आणि नळाच्या पाइपांतून जमिनीत उतरते. म्हणूनच आत असतानाही नळ, खिडकीचे गज आणि प्लगला लावलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही. पत्र्याच्या छताची, काचा वर केलेली गाडीही चालते. टायर रबराचे म्हणून गाडी सुरक्षित, असं सगळे सांगतात, ते बरोबर नाही. वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून आतला माणूस वाचतो. दुचाकीला किंवा उघड्या बाजूंच्या गाडीला हे लागू नाही.

मोबाइल वीज ओढून घेतो, हाही गैरसमज आहे. हातात मोबाइल असल्याने वीज पडत नाही, त्यामुळे मुलीला निरोप द्यायचा असेल तर तिने तो खुशाल द्यावा.

आणि समजा जवळपास काहीच नाही, मोकळं माळरान आहे? तिथे पूर्ण सुरक्षित अशी कुठलीच जागा नसते, हे मुलांना खरं खरं सांगावं. उंच जागा, एकटं झाड, तारेचं कुंपण, पाणी यांपासून दूर राहून पक्क्या इमारतीकडे चालत राहायचं. घोळक्याने चिकटून न चालता एकमेकींत अंतर ठेवायचं, म्हणजे एकीला काही झालं तर दुसरी मदत करू शकेल. थांबावंच लागलं तर पाय एकमेकांना जुळवून उभं राहायचं. जमिनीवर आडवं मात्र पडायचं नाही, कारण अंगाचा जितका भाग जमिनीला टेकतो तितका जमिनीतल्या प्रवाहाचा धोका वाढतो.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो असं समजून लोक लांब उभे राहतात. तसं होत नाही, त्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही. श्वास बंद असेल तर कोणाला तरी मदतीसाठी फोन करायला सांगून लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जायला हवी. वीज पडलेली माणसं वेळेवर केलेल्या या उपायाने वाचतात. आठवीपासूनच्या मुलांना मी हे उशीवर करून दाखवायला लावते.

आता पाणी. ताई, या बाबतीत मी फार कडक आहे, त्यामुळे थोडं जास्त लिहिते.

पाण्याचं वजन मुलांना माहीत नसतं. मोठ्यांनाही नसतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढं पाणी म्हणजे एक टन. एक चौरस किलोमीटर भागावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ते एक कोटी लिटर होतं, आणि जमिनीत मुरत नाही ते सगळं उतार शोधत ओढ्याला मिळतं. रोज पायाचा घोटा भिजवणारा ओढा तासाभरात ओळखू येत नाही तो असा. आपल्याकडे पाऊस उघडला तरी वरच्या अंगाला पडलेलं पाणी नंतर येतं, म्हणून पाऊस थांबल्यावर ओढा वाढू शकतो. मुलांना हे फार चकवतं. त्यांना वाटतं, पाऊस गेला, आता चला.

वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. जोराने वाहणारं फक्त १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट मोठ्या माणसाला पाडू शकतं. १५ सेंटिमीटर म्हणजे कंपासपेटीतली पट्टी उभी धरा, तेवढं. मी वर्गात पट्टी पायाला लावूनच दाखवते, मुलांचा विश्वास बसत नाही. ३० सेंटिमीटर पाण्यात छोटी मोटार तरंगायला लागते आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून जातात. म्हणून कोणी ओळखीचा "बसा गाडीत, नेतो पलीकडे" म्हणाला तरी नाही म्हणायचं.

त्यात गढूळ पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. कालची फरशी आज तिथे असेलच असं नाही. कडा खचलेली असते, खड्डा पडलेला असतो. वस्तीतल्या रस्त्यावर तर गटाराची झाकणं पाण्याच्या दाबाने वर उचलली जातात आणि वाहून जातात. वरून पाणी सपाट दिसतं, खाली तोंड उघडं असतं. पाणी एखाद्या ठिकाणी गोल फिरताना दिसलं तर तिथून मागे फिरायचं.

तर नियम एकच, वाहतं पाणी ओलांडायचं नाही. किती खोल, कोण सोबत आहे, घर किती जवळ आहे, काही विचारात घ्यायचं नाही. घर समोर दिसत असलं तर हा नियम जास्तच पाळायचा, कारण नेमकं तेव्हाच पाय पाण्यात पडतो. तुमच्या मुलींनी हात धरले होते. त्यांना त्यातून धीर आला असेल, पण एकीचा पाय सुटला असता तर बाकी दोघी तिच्याबरोबर गेल्या असत्या.

चुकून कोणी वाहून जायला लागलं, तर काय करायचं तेही सांगून ठेवा. पाठीवर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे म्हणजे दगड आधी पायाला लागतील, डोक्याला नाही. जोराच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की पाणी अंगावरून जातं. हातांनी वल्हवत तिरकं काठाकडे सरकायचं. आणि दप्तर सोडून द्यायचं. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगते, कारण मुलं दप्तर सोडत नाहीत. चप्पल सोडत नाहीत, डबा सोडत नाहीत, छत्री सोडत नाहीत. वस्तू हरवली की घरी काय ऐकावं लागतं ते त्यांना माहीत असतं. तुमच्या तोंडून एकदा स्पष्ट ऐकू द्या की पावसात दप्तर गेलं तर आपण दुसरं आणू. काठावरच्यांनी पाण्यात उडी घ्यायची नाही. काठी, दोरी, मिटलेली छत्री पुढे करायची, स्वतः आडवं पडून, म्हणजे आपण ओढले जाणार नाही. आणि ओरडून मोठ्या माणसांना बोलवायचं.

विजेच्या खांबांबद्दल थोडक्यात. पावसात खांब, खांबाला जमिनीशी बांधणारी ताणाची तार, रस्त्यावरच्या दिव्याचा खांब, डीपी, यातल्या कशालाच हात लावायचा नाही, टेकून उभं राहायचं नाही. तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नये, किमान दहा मीटर लांबून मागे फिरावं, आणि ती पाण्यात पडली असेल तर त्या पाण्याच्या जवळही जाऊ नये. साचलेल्या पाण्यात पायाला झिणझिण्या आल्या तर पुढे एकही पाऊल टाकायचं नाही, पाय न उचलता घासत घासत आलो तसं मागे जायचं. कोणी चिकटलं असेल तर त्याला धरून ओढायचं नाही. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर चालतं, तारेला चिकटलेल्याला नाही, हा फरक मुलांकडून दोनदा म्हणून घ्यावा.

एका अडचणीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आपण मुलींना वर्षभर सांगतो की अनोळखी माणसाच्या घरात जायचं नाही, आणि मग पावसात सांगतो, कुठे तरी आत थांब. मुलगी गोंधळणारच. झाडाखाली थांबली यात नवल नाही, झाड अनोळखी नव्हतं. म्हणून जागा आधी ठरवून ठेवाव्या लागतात. दोन किलोमीटरच्या वाटेवर तीन जागा पुरेत. सुरुवातीच्या टप्प्यात शाळाच, म्हणजे निम्म्याच्या आत असाल तर परत फिरा. मध्ये एखादं वर्दळीचं दुकान किंवा दवाखाना. ओढ्याच्या अलीकडे एखादं ओळखीचं घर. त्या लोकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, मुलीला बरोबर न्या, "पावसात ही येऊन बसली तर चालेल ना" असं विचारा. आजवर नाही म्हणालेलं एकही घर मला भेटलेलं नाही. तिघींनी एकत्र राहायचं, दार उघडं असेल अशा बाहेरच्या खोलीत बसायचं.

तिघी म्हटल्यावर आणखी एक आठवलं. मुलांच्या घोळक्यात कोणी तरी एक "काही नाही होत, चला" म्हणणारं असतं आणि बाकीचे लाजेने मागे जातात. मी मुलांना सांगून ठेवलंय, पावसात ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटते त्याचं ऐकायचं. एकाचा पाय अडला की सगळे थांबले. एका वर्षी आमच्या चौथीतल्या एका लहानखुऱ्या मुलाने पाण्यापाशी मटकन खाली बसून "मी नाही येणार" म्हटलं आणि पाच मोठी मुलं त्याच्याबरोबर परत फिरली. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गात उभं करून सगळ्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

छत्री की रेनकोट? रेनकोट. वाऱ्यात छत्री उलटते, ती सावरताना मुलाचं रस्त्यावरचं लक्ष जातं आणि एक हात कायम अडकतो. रेनकोट निवडताना रंग पाहा, पिवळा, नारिंगी, भडक हिरवा. काळा किंवा गडद निळा पावसाच्या अंधारात गाडीवाल्याला दिसतच नाही, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. रेनकोटच्या टोपीमुळे बाजूचं दिसत नाही आणि ऐकूही कमी येतं. रस्ता ओलांडताना टोपी मागे सारून मान पूर्ण वळवायची, डोकं भिजलं तरी चालेल. पायात पट्ट्याचे सँडल किंवा बूट, नुसती चप्पल नको. वह्यांसाठी दप्तरात एक जाड प्लास्टिकची पिशवी कायमची ठेवून द्या. वह्या भिजणार नाहीत याची खात्री असली की मुलं थांबायला तयार होतात, हा अनुभव आहे.

फोन सातवीत द्यायचा की नाही हे तुमच्या घराने ठरवावं, मी पावसासाठी म्हणून द्या असं म्हणणार नाही. मोठ्या पावसात फोन बऱ्याचदा लागतही नाही. तेव्हाही साधा एसएमएस कधी कधी जातो, तो पाठवायला शिकवा: कुठे आहोत, किती जणी आहोत, इथेच थांबतोय. दोन नंबर मात्र तोंडपाठ हवेत, आणि एका कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात. जिथे थांबतील तिथल्या कोणाच्याही फोनवरून मग निरोप येऊ शकतो. आणि तुमच्यासाठी, ताई: शोधायला निघालात तर घरी एक माणूस थांबू द्या. आई एका वाटेने, बाबा दुसऱ्या वाटेने आणि मूल कुलूप लावलेल्या दारात कुडकुडत उभं, असं मी पाहिलंय. आणि तुम्हीही वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.

घरी आल्यावर आधी ओले कपडे काढायचे. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे वाऱ्यात ओल्या कपड्यांनी तासभर चाललेलं मूल उन्हाळ्यातही गारठतं. अंग आणि केस टिपून कोरडं करायचं, पांघरूण, काही तरी गरम प्यायला. कुडकुडणं चांगलं, शरीर स्वतःला गरम करतंय. कुडकुडणं थांबलं पण मूल सुस्त झालं, बोलणं अडखळायला लागलं, तर लगेच दवाखाना. पावसात भिजून सर्दी-ताप येतो म्हणून मुलांना घाबरवू नका. सर्दी विषाणूने होते.

घाण पाण्याचं मात्र मनावर घ्यायला हवं. साबणाने पाय स्वच्छ धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आणि पायाला कुठे खरचटलंय का ते उजेडात नीट बघा. जखम असेल तर धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का ते तपासा. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून, कधी डोळ्यांतून, तोंडातून शरीरात जातात. तो ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांत येतो, कधी महिनाभरानेही. तेव्हा पावसाची आठवण कोणाला राहत नाही आणि डॉक्टरांनाही कोणी सांगत नाही. म्हणून आजच कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करा. महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि पहिलं वाक्य हे सांगा की मूल अमुक तारखेला पुराच्या पाण्यातून चालत आलं होतं. मुलगी आत्ता ठणठणीत असली तरी एकदा डॉक्टरांना कळवायला हरकत नाही, विशेषतः पायाला जखम असेल तर. काही वेळा ते आधीच औषध देतात. ते त्यांनीच ठरवायचं, घरातल्या जुन्या गोळ्या देऊ नका.

एक काम मात्र याच सुट्टीत करा. ऊन असेल अशा दिवशी तिला घेऊन शाळेपासून घरापर्यंत चालत या. तुम्ही मागे, ती पुढे. प्रत्येक ठिकाणी तिलाच विचारा, इथे पाऊस आला तर कुठे जाशील. मैत्रिणींना आणि त्यांच्या आयांनाही बोलवा. ओढ्यापाशी पोहोचलात की विचारा, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होतं. ती पायाला हात लावून दाखवेल. मांडीपर्यंत दाखवलं तरी तेव्हा काही बोलू नका. तिथेच उभ्या राहून अलीकडचं कोणतं घर ते तिला ठरवू द्या, आणि लगेच त्या घराची कडी वाजवा.